घाटाखालची खोली

मी, महिपती केरबा सोनवणे, वय ६८, धंदा पूर्वी पाणबुड्याचा, आता बसून खाण्याचा, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा खांदा, डावा खुबा आणि एक कान शाबूत नाहीत. कायदा त्यांची चौकशी करत नाही.

१. कोथरूडचा फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी सौ. हिरा हिला, तिच्या पश्चात मुलगा सुदर्शन याला. मी बंदरोबंदरी असताना घर हिरानेच चालवले.

२. माझ्या दुखण्याची हकिगत इथे देतो, कारण पुढची कलमे तिच्यावर उभी आहेत. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातली हवा रक्तात मुरते. सावकाश वर आले की ती निघून जाते. घाई केली, किंवा वर येऊन त्याच दिवशी घाट चढला, की सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे होतात. रायगडच्या किनाऱ्यावर एका धक्क्याचे काम आटोपून मी खालीच मुक्काम करणार होतो. मेहुणे समाधानराव यांचा फोन आला, "दाजी, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला तुम्हीच नसलात तर पाहुणे काय म्हणतील?" ताम्हिणी घाट चढतानाच खांदा ठणकू लागला. मांडवात सर्वानुमते निदान झाले, वात. समाधानरावांनी स्वतः नारायण तेल चोळले, वर शेक दिला. दवाखान्यात नेईपर्यंत पाय लुळे पडले होते. पुढे पाय परत आले, हाडे मात्र आतून मेली. खुबा बदलावा लागला. ज्या साखरपुड्यासाठी घाट चढलो, ते लग्नही टिकले नाही.

३. सबब उरलेली तेलाची बाटली समाधानरावांना.

४. घाटाच्या पायथ्याशी विळे येथील माझी खोली मुलगी दीक्षा हिला. ती माझाच धंदा करते. सुदर्शन म्हणतो, "बाबा, तिथे रेंजसुद्धा येत नाही, विकून टाका." रेंज येत नाही म्हणूनच घेतली. दीक्षा म्हणते, "किती थांबायचं ते मनगटावरचं यंत्र सांगतं, बाबा." सांगते खरे, पण मामाचा फोन आला की यंत्राला कोण विचारतो? अट एकच: पाण्यात उतरलेल्या दिवशी तिने घाट चढू नये. रात्र खोलीत काढावी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघावे. खोली विकू नये.

५. माझ्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या व बुडण्यासाठी कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा भंगारात द्यावा. दिवाणखान्यात शोभेला मांडू नये.

६. मी जाईन तेव्हा दीक्षा कामावर असल्यास सुदर्शनने फोन करून आधी विचारावे, "आज पाण्यात उतरली होतीस का?" उतरली असेल तर तिने येऊ नये. अंत्यविधी तिच्याविना उरकावा. लोक बोलतील, त्यांना हे कलम वाचून दाखवावे. समाधानरावांनी मोठ्याने वाचावे. दीक्षा, तुझ्यावर माझा फार जीव आहे. मला शेवटचे पाहिले नाहीस तरी चालेल. तू स्वतःच्या पायांनी घरी आली पाहिजेस.

७. दुरुस्ती. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर हिरा म्हणाली, "अहो, मग आम्ही थांबू की. पुण्यात बर्फ मिळतो." हरकत नाही. मला ठेवावे. दीक्षा पोचल्यावर उचलावे.

ठिकाण: पुणे. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.

सही: महिपती केरबा सोनवणे (उजवा हात वर जात नाही, सबब डाव्या हाताने)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. प्रियदर्शनी भालेराव, कोथरूड
२. सीताराम लोणकर, शेजारी