कापितान एउलोहियोचे कान

मी, पोन्सियानो दागातान, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, धंदा फोटोग्राफर, राहणार सान लुकास, लेयते बेट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या नगरपालिकेत असा दाखला किती जण आणू शकतील, याविषयी मला शंका आहे.

कलम १. चौकातले घर व खालचा स्टुडिओ भाची लिगाया हिला मिळावा. मी लग्न केले नाही. पंधरा वर्षे तिने माझी पथ्ये आणि बडबड दोन्ही सांभाळली. अट एकच, दर्शनी काचेतले लग्नाचे फोटो काढू नयेत. त्यातली निम्मी जोडपी पुढे भांडून वेगळी झाली, पण फोटो चांगले आले आहेत.

कलम २. स्टुडिओतला काळा कोट. हा मागून उघडा आहे आणि पाठीवर नाड्यांनी बांधतात. सभागृहात गावच्या नऊ थोर पुरुषांच्या तसबिरी टांगल्या आहेत, सगळ्या माझ्या हातच्या. नऊही जणांच्या अंगात हाच कोट आहे. त्यातल्या बँडमास्तरांनी पाठ फिरवली असती तर त्यांचे फाटके बनियन इतिहासात गेले असते. हा कोट नगरसेवक रुफिनो माद्रोना यांना द्यावा. थोरपण मागून कसे दिसते ते त्यांनी एकदा बघावे.

कलम ३. रुफिनोंचे आजोबा, त्या काळचे कापितान म्हणजे गावप्रमुख, एउलोहियो माद्रोना यांनी समुद्राकडची भिंत बांधून हे गाव वाचवले. माणूस खरोखर मोठा, त्यात वाद नाही. चौकात त्यांचा पुतळा आहे. दर जत्रेला रुफिनो त्याच्याखाली उभे राहून ओरडतात, "बघा ती भुवईवरची खूण! स्पॅनिश तलवारीचा वार! आणि हाच करारी चेहरा आमच्या घराण्यात अजून आहे!" हा वार गावच्या इतिहासाच्या पुस्तकात छापूनसुद्धा आला.

रुफिनो, तो वार माडी काढायच्या कोयत्याचा आहे. चेहराही तुझ्या आजोबांचा नाही.

१९६१ साली पुतळा बसवायचे ठरले. कापितानांचे सगळे फोटो महायुद्धात जळले होते. तेव्हाचे नगराध्यक्ष माझ्या दुकानात आले.

"पोन्स, आठ दिवसांत फोटो पाहिजे."

"साहेब, गेलेल्या माणसाला आता खुर्चीत बसवू कसा?"

"ते मला काय विचारतोस? फोटोग्राफर तू की मी?"

मी तिशीतला, घमेंडखोर. जमणार नाही म्हणायला जीभ रेटेना. कपाटात तेबान माग्लासांगची काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, पडून होती. तेबान माडावर चढून माडी काढायचा. मुलगी झाली त्या आनंदात तो फोटो काढायला आला आणि कोट चढवून असा बसला, की गव्हर्नरने झक मारावी. फोटो न्यायला यायच्या आधीच माडावरून पडून गेला. मी त्या काचेची एक प्रत काढली, तिच्यावर मिशा रंगवल्या, केस पिकवले आणि नगराध्यक्षांना दिली. मूर्तिकाराने सगळे हुबेहूब उतरवले, भुवईवरच्या खुणेसकट, कानांसकट. तेबानचे कान सुपाएवढे होते. माद्रोनांच्या सात पिढ्यांत असे कान शोधून सापडायचे नाहीत. पण पुतळ्याचे तोंड कोण बघतो? लोक खालची पाटी वाचतात आणि पुढे जातात.

पुतळा बसल्यावर महिन्याने तेबानची बायको सालुद पोरीला काखेत घेऊन आली.

"मानोय, तेवढा फोटो द्या हो. पोरीला बाप दाखवायला घरात काही नाही."

फोटो तिच्या भिंतीवर लागला असता तर गावाने ओळखला असता. मानोय म्हणजे दादा. मी म्हणालो, "हा दादा काय करणार, सालुद? काच फुटली."

तिने पोरीला दुसऱ्या काखेत घेतले. मग म्हणाली, "तुकडे असले तरी चालतील."

तुकडे समुद्रात टाकले, असे मी सांगितले. माझ्या हातून आयुष्यात झालेले सर्वांत हलकट काम ते हेच. मला त्याची लाज वाटते.

कलम ४. ती काच, आणि तिच्यावरून गेल्या आठवड्यात मी स्वतः काढलेली स्वच्छ प्रत, तेबानची मुलगी रोसेंदा हिला माझ्या मृत्यूनंतर मिळावी. तिची आई आता नाही. रोसेंदा एकसष्ट वर्षांची आहे. मृतांच्या दिवशी आमच्या गावात प्रत्येक कबरीवर फोटो ठेवतात, तिच्या बापाच्या कबरीवर नुसते नाव असते. चौकात केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे सुमान विकायला ती सावलीसाठी पुतळ्याच्या पायाशी स्टूल टाकते. तीस वर्षे ती बापाकडे पाठ करून बसली आहे.

पुतळा पाडू नये. कापितानांची भिंत अजून उभी आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. कायद्याने तीन साक्षीदार लागतात. तिसरे तापाने पडले. लिगायाने खाली चौकातल्या रोसेंदाला हाक मारून वर बोलावले, तर मृत्युपत्रासाठी आलेले वकील म्हणाले, "ही चालणार नाही."

"का हो?" रोसेंदाने झग्याला हात पुसत विचारले. "सुमान विकणारीची सही हलकी असते काय? तियो पोन्स, तुम्ही तरी सांगा!"

ती मला तियो, म्हणजे काका म्हणते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मी मरायची वाट पाहत होतो, कारण मला तिच्या डोळ्यांची भीती वाटत होती. वकिलांना म्हणालो, "कलम चार खोडा." आणि कपाट उघडले.

तिने प्रत खिडकीशी नेली. खाली चौकात पाहिले, पुन्हा प्रतीकडे पाहिले. मग स्वतःच्या तशाच सुपाएवढ्या कानाला हात लावला. मी सगळे सांगितले, काही झाकले नाही.

ती म्हणाली, "आई तुकडेसुद्धा घ्यायला तयार होती, तियो."

तिने पेन मागितले.

कलम ४ रद्द. त्यातली वस्तू आज माझ्या हाताने दिली आहे.

सान लुकास, १७ ऑक्टोबर २०१९.

पोन्सियानो दागातान (सही)

साक्षीदार:
१. फेलिसिदाद बांतुगान, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
२. दोमिनादोर सालिंगाय, न्हावी (सही)
३. रोसेंदा माग्लासांग, चौकातल्या तेबान माग्लासांगची मुलगी (सही)