बुचांच्या माळा

३ सप्टेंबर
कपाट आजही बंदच! गणिताचं सगळं साहित्य आत — मणी, ठोकळे, खेळातल्या नोटा. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांनी हरवलं तर तपासणीला काय दाखवू?" इकडे माझी तिसरी हवेत बोटं नाचवून हातच्याची वजाबाकी शिकतेय.

५ सप्टेंबर
सल्लागार आले. गणिताच्या शिक्षकांना आधार द्यायला नेमलेत म्हणे! चहा घेतला, फोटो काढले. "मॅडम, विकतचं कशाला? बाटल्यांची बुचं वापरा." बोलायला काय जातं! तरी वर्गात सांगून टाकलं — घरून बुचं आणा.

६ सप्टेंबर
बहुतेकांनी दोन-चार आणली. मुंगीने पिशवी भरून! मुंगी म्हणजे मागच्या बाकावरची. काही विचारलं की रडकुंडीला येते. सगळी बुचं दारूच्या बाटल्यांची. कुणीतरी ओरडलं, "हिचा बाप पितो!" वर्ग खिदळला. मी दटावलं. पिशवी परत द्यायला हवी होती. पण बुचं हवी होती ना मला.

१३ सप्टेंबर
मुंगीने बुचांना खिळ्याने भोकं पाडून दहा-दहाच्या माळा ओवल्या. "बाई, सुटी बुचं कमी पडली की एक माळ सोडायची ना?" — अगं, तेच तर! मी घसा कोरडा करून सांगत होते ते हेच. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा. पोरगी हसली. पुढचे दात किडलेत तिचे — आज पहिल्यांदा दिसले.

१८ सप्टेंबर
मुंगी आली नाही.

२० सप्टेंबर
आली. ओठ फुटलेला, हात गळ्यात बांधलेला. "पडले." मधल्या सुट्टीत जवळ येऊन पुटपुटली, "घरी माळा करत होते. बाबा म्हणाले, माझ्या बाटल्या मोजतेस?"
मीच आणायला सांगितलं होतं. मीच म्हटलं होतं, घरी सराव करा.  

२३ सप्टेंबर
मोठ्या बाई — "घरचं घरात राहू दे. नोकरी सांभाळा." सल्लागारांना फोन केला. "अरेरे!" मग लगेच, "त्या माळांचा फोटो पाठवाल? प्रदर्शनात लावू." फोन आपटला.
पोलीस चौकीत गेले. "तुम्ही मुलीच्या कोण?" शिक्षिका, म्हटलं. "आईला पाठवा."
मुंगीच्या घरी गेले. आईने दार बोटभरच उघडलं. "बाई, पाया पडते, जा. तो येईल आता."

३० सप्टेंबर
मुंगीची आई शाळेत. काखेत बोचकं, हाताशी मुंगी. दाखला हवा म्हणाली. मी गयावया केली — आता कुठे गणित जमायला लागलंय, पोरीची शाळा तोडू नका!
"तोडत नाही, बाई. दुसरीकडे घालणार. 'कधीतरीच घेतो' म्हणायचा, मी मान डोलवायचे. हिने माळा मांडून दाखवल्या मला, एकेका आठवड्याच्या. आता कशी डोलवू?"
मोठ्या बाईंनी दाखला लिहिला. शिक्का मारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो विचारायला आला, तर माझ्याकडे पाठवा."