विहिणीचा रुसवा

भोईवाडा, परळ
१० जानेवारी

प्रिय विहीणबाई रोझ,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. रविवारी दादरला तो पोर्तुगीज सिनेमा संपता संपता तुम्ही उठून गेलात. मी मेली तुमची पर्स सांभाळायची म्हणून बघते, तर पर्सही नाही. बाहेर चहावाला म्हणाला, त्या बाई डोळे पुसत टॅक्सीत बसल्या.

गोष्ट ठाऊक असती तर तुम्हाला नेलंच नसतं. एक आई लिस्बनची, एक मोझांबिकची; एकीच्या मुलाचं दुसरीच्या मुलीशी लग्न होतं; आणि तो मुलगा जातो. आपल्या व्हिन्सेंटला जाऊन चार वर्षं झाली, तरी पडद्यावर ते बघवत नाही.

माझ्या आकांक्षाचं दुसरं लग्न पंधरवड्यावर आलं. राजेशला होकार दे, म्हणून तिला दटावलंत ते तुम्हीच. दुसरी कोण सासू असं करील? घरात पुन्हा तिचं हसणं ऐकते, तेव्हा पहिली आठवण तुमची येते. तुम्ही याल ना, एवढं कळवा. सोबत तिळगूळ.

लोभ आहे, तो आटू देऊ नका.
तुमची,
सरोजिनी


गिरगाव
१५ जानेवारी

सरोजिनीताईंना नमस्कार.

तिळगूळ खाल्ला, तरी कडूच लिहिते आहे. मरण पाहून मी उठले नाही. ते मी घरात पाहिलं आहे. ऐकू येत नाही म्हणून मी पडद्यावर खाली येणारं इंग्रजी वाचत होते. मुलगी दुसऱ्यांदा लग्नाला उभी राहते, पहिली सासू दारात येते, आणि मुलीची आई धावत जाऊन तिला काय म्हणते, तर 'माय फ्रेंड'.

आपण दोघी कॉन्व्हेंटच्या, फ्रेंड कशाला म्हणतात ते आपल्याला कळतं. फ्रेंड बसच्या रांगेतही भेटते. मनात आलं, मुलगा गेला, सून दुसऱ्या घरी निघाली. आता मीसुद्धा परळच्या एका बाईची फ्रेंड. मांडवात मला कोण म्हणून बसवाल?

पोरीचं लग्न छान होऊ दे. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन. येणं जमणार नाही.

आठवण असतेच.
रोझ


भोईवाडा, परळ
१८ जानेवारी

विहीणबाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही वाचलंत, मी ऐकलं. ती बाई फ्रेंड म्हणालीच नाही. सिनेमाभर ती दुसरीला एकाच शब्दानं हाक मारते, 'कोन्सोग्रा'. मासे साफ करताना, कडाकडा भांडताना, मुलाला पुरलं त्या दिवशी, आणि शेवटी दारात. खाली मात्र दर वेळी फ्रेंड! मला ते खटकत होतं. काल सिनेमाची ओळख करून देणाऱ्या बाईंना गाठलं; त्या पोर्तुगीज शिकवतात. कोन्सोग्रा म्हणजे लेकीची सासू, असं त्यांनी सांगितलं. इंग्रजीत त्याला सुटसुटीत शब्द नाही, म्हणून लिहिणाऱ्यानं फ्रेंडवर भागवलं.

रोझ, आपल्याकडे शब्द आहे हो! मुलगा गेल्यावरही, लेकीच्या दुसऱ्या लग्नातही ती तिला विहीणच म्हणत होती. मग मांडवात तुम्ही कोण, हे मला कसलं विचारता? दुसरी विहीण आली म्हणून पहिली उठत नाही.

वाट पाहते. उत्तर नको, तुम्हीच या.
तुमची विहीण,
सरोजिनी


गिरगाव
२१ जानेवारी

माझ्या विहीणबाईंना नमस्कार आणि गॉड ब्लेस.

उत्तर नको म्हणालात, तरी देते. तुमचं पत्र माझ्या अँड्रियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मम्मी, तू उगाच फुगलीस. मी म्हटलं, तुला काय कळतं, वरमाईनं रुसायचंच असतं. व्हिन्सेंटच्या लग्नात फादरनी सगळं इतकं भराभर उरकलं की मला रुसायला सवडच मिळाली नाही. तो रुसवा बाकी होता, तो दादरला काढला. तुम्ही समजूत घातलीत, मान पोचला.

खरं सांगू? त्याचे कपडे पेटीत ठेवले, तेव्हा वाटलं होतं की त्याच्यामुळे जुळलेलं सगळंच आत गेलं. एक नातं तुम्ही बाहेर ठेवलंत. त्याबद्दल रोज रात्री देवाचे आभार मानते, आज तुमचे मानते.

राजेशच्या आईला सांगून ठेवा, थोरल्या विहिणीचा मान आधी. त्या रुसल्या तर मला बोलवा, मला अनुभव आहे.

लग्नाच्या सकाळी फुगिया तळून आणते. व्हिन्सेंटच्या लग्नात तुमच्या चाळीतल्या मंडळींनी परातभर फस्त केल्या होत्या, त्याच गोल, टम्म फुगलेल्या. या खेपेला घरातून फुगलेलं तेवढंच येईल.

माया अशीच राहू द्या.
तुमची थोरली विहीण,
रोझ