पोळ्याच्या दिवशी कापलेलं धान

आसगाव मुक्कामी चंद्रकुमारबाबूंना मोहाडीहून टिकारामचा रामराम.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरंच ठीक आहे की नाही, ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मनापासून विचारतो. पोळ्याच्या दुपारी आम्ही तोरणाखाली बैल पाहायला निघालो तेव्हा नेमका धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटताना जो पळत सुटला, तो हाच ना? (माणसाला दोन गुडघे असतात हे मला मान्य आहे. पण ते एकमेकांशी इतका अबोला धरत असतील असं वाटत नाही.) हे फोनवर विचारलं नाही, कारण फोनवरचं बोलणं दुर्गाबाई ऐकते, आणि सख्ख्या भावाबद्दलची अशी गोष्ट बहिणीच्या कानावर जाऊ नये. पत्राचं तसं भय नाही. माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेली, असं तिचं मत असल्यामुळं ती माझं लिहिलेलं वाचत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या भाच्यानं, कुंदननं, पुण्याला नवा गेमचा डबा घेतला आणि जुना मागच्या दिवाळीत आमच्या टीव्हीला जोडून ठेवला. शाळेत असताना या खेळापायी त्यानं माझी जेवढी बोलणी खाल्ली तेवढ्या भाकरी खाल्ल्या नसतील. डोळे फुटतील, डोकं सडेल, सगळं म्हणून झालं होतं. तो पुण्याला गेल्यावर मी फक्त धूळ पुसायला म्हणून डबा हाती घेतला. पुसता पुसता बटण दाबलं गेलं. एवढाच माझा अपराध. तेव्हापासून दहा महिने रोज दुपारी मी धूळ पुसतो आहे. हे घरात ठाऊक आहे, कुंदनला नाही. आणि आता तो फोनवर म्हणतो, बाबा, तिथं कोणी खेळत नाही, तर दसऱ्याला येईन तेव्हा डबा घेऊन जातो, मित्राला द्यायचा आहे. मी काय बोलणार? "ने बाबा, उगाच जागा अडते," म्हणालो. म्हणालो खरं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका डब्यासाठी एवढं काय? बाबू, चाळीस वर्षं मी तुमसरच्या मिलमध्ये दुसऱ्याचं धान भरडलं. तांदळाचा एकेक दाणा ओळखतो, पण माझ्या नावावर टोपलीभर माती कधी नव्हती. या डब्यात शेतीचा खेळ आहे. त्यात ट्रॅक्टर आहे, विहीर आहे, आणि पाटीवर माझं नाव असलेली धानाची बांधी, चारी बाजूंनी बांध घातलेलं शेत, आहे. आधी माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही. तिथला व्यापारी धानाचा ओलावा न बघता माल उचलतो. असा व्यापारी मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्याच्या मनात नक्की काहीतरी आहे. पाऊस सांगितल्या दिवशी येतो, ही दुसरी शंकेची जागा. आणि शेजारच्या शेताचा मालक दहा महिन्यांत एकदाही दोघांमधल्या धुऱ्यावरून भांडायला आला नाही. ज्या गावात धुऱ्याचं भांडण नाही ते गाव आतून काहीतरी शिजवत असतं. म्हणून मी ट्रॅक्टर नेहमी धुऱ्यापासून हातभर आतच ठेवतो. उद्या कोणी मोजणी आणली तर आपली बाजू साफ असावी.

तर यंदा बांधीत असं धान आलं की काय सांगू! लोंब्या वाकल्या होत्या. कापायचं बटण हाताशी होतं, पण मी आठ दिवस कापलं नाही. नुसता चहा घेऊन समोर बसायचो. दुर्गाबाई येता-जाता विचारायची, "काहून जी, त्या डब्यातलं धान शिजवून घालता का मले?" पोळा झाला की कापू, असा बेत होता. पोळ्याला आपल्यात औताला हात लावत नाहीत, बैलाला सुट्टी असते, तर दहा महिने माझ्यासाठी राबणाऱ्या जिवाला का नको? आदल्या दिवशी शेजारच्या इश्वरच्या बैलांची खांदशेकणी झाली, तेव्हा त्यांच्या खांद्यांना चोळून वाटीत उरलेलं लोणी आणि हळद मी घरी आणली आणि खेळाच्या त्या कंट्रोलरलाही, जिथं माझे अंगठे रोज घासतात तिथं, हलक्या हातानं चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," असं बैलांना देतात ते आमंत्रणही त्याला दिलं. (हसू नका. ते करताना तुम्ही बाजेवर बसून पाहत होतात आणि तेव्हा हसला नव्हतात. न हसणं हेच मला आता संशयास्पद वाटतं.) मग स्वच्छ फडक्यात बांधून तो देवाजवळ ठेवला.

पोळ्याला इश्वरच्या जोडीबरोबर मी तोरणाखाली गेलो. घरात पुरण वाटणारी दुर्गाबाई आणि गुडघा धरून बसलेले तुम्ही, एवढीच माणसं. दुसऱ्या दिवशी तुमची बस गेल्यावर डबा चालू करतो तर बांधी सपाट! धान कापलेलं, विकलेलं, नांगरटीसुद्धा झालेली. आणि गोठ्यात एक नवी गाय, तिचं नाव ठेवलेलं कपिली. चंद्रकुमारबाबू, कपिली ही आसगावला तुमच्या घरची गाय होती. माझ्या लग्नात तिनंच माझ्या फेट्याचा शेमला खाल्ला होता. ते नाव मोहाडीत दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येईल?

मी लगेच फोन लावला तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाऊजी, मले तर तो डबा चालूच करता येत नाही जी." मी फक्त तब्येत विचारली होती. डब्याचं नाव मी काढलंच नव्हतं. शिवाय फडक्याची गाठ. मी बांधतो ती पोत्याच्या तोंडाची गाठ, मिलमधली. सकाळी सापडली ती शिदोरीची. शिदोरी बांधून नोकरीवर गेलेला माणूस त्या दिवशी आमच्या घरात एकच होता. बटणांवरची हळदही पुसटली होती. दुर्गाबाईच्या बोटांना हळद आहेच, पण ती बारा महिने असते, त्यामुळं तो पुरावा धरता येत नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी पुरणपोळी चमच्यानं खाल्ली. विदर्भातला माणूस पोळी चमच्यानं खातो तेव्हा तो हात लपवत असतो.

दुर्गाबाईचा विचारही मी करून पाहिला. मी एकतर्फी माणूस नाही. पण तिला त्या डब्याचा तिटकारा आहे. मी खेळत असलो की ती मुद्दाम माझ्या मागं उभी राहून भाजी निवडते आणि नावं ठेवते. इतकंच नाही, तर "आता पाणी द्या, मेलं सुकलं ना ते," असं वैतागून ओरडते. एवढा राग असलेली बाई त्याला हात लावेल काय? तेव्हा राहिलात तुम्हीच. पण माझ्या मनात डूख नाही. आपलं नातं जुनं आहे, धान तर दर हंगामाला येतं. घरच्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
टिकाराम

ता. क. गुन्हा तुम्ही केला असेल तर उत्तमच झालं. नसेल तरी करा. म्हणजे असं, की दसऱ्याआधी कुंदनला फोन लावा आणि सांगा, मोहाडीला आलो की डबा मी खेळतो, मले त्याची सवय लागली आहे, तो तिथंच राहू दे. मामाचं तो ऐकतो. मी बाप पडलो, माझ्या तोंडून ते निघणार नाही. पोळ्याचं धान मी तुम्हाला माफ केलं, एवढा शब्द माझ्यासाठी टाका.

ता. क. दुसरा. चंदू, मी तुझी ताई. पाकीट शितानं चिकटवायले माझ्याजवळ दिलं, तं वाचून काढलं. तू काही कबूल नको करू. धान म्या कापलं. पिकलेलं धान आठ दिवस उभं, आन् माणूस च्या पिऊन त्याच्याकडं पाहून राहिला! आपल्या बापानं असं पाहून घेतलं असतं काय? गायही म्याच घेतली. आन् कुंदनले फोन करू नको. डबा कुठंच जाऊन नाही राहिला. न्यायले येतो असा फोन कर, हे मीच त्याले शिकवलं. मले वाटलं, हातचं जाते म्हटल्यावर तरी हे तोंडानं म्हणतील, मले हा खेळ आवडते म्हणून. लगनाले बेचाळीस वर्षं झाली, माझ्या एका भाजीलेही अजून तसं म्हटलं नाही. दसऱ्यापर्यंत तू फक्त चूप राहा. बोलू दे त्यायलेच.