साहेबांचा वाडगा

शनिवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सिडकोतल्या नव्या कोरियन हॉटेलात आज एकटीच रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, खायला गेले. वेटरनं समोर दुसराही वाडगा मांडला. "मॅडम, साहेब येतायत ना?" नाय म्हणायची लाज वाटली, मान डोलावली. मग काय! "साहेब आले की गरम गरम आणतो," म्हणून मला ताटकळत ठेवलं. शेजारच्या टेबलावर वाफा, माझ्यासमोर तो रिकामा वाडगा. बाईनं आधी जेवायचंच नाय का? शेवटी ओरडले, "साहेब वारले! आणा आता." आणलं, पण त्याची नजर माझ्या मंगळसूत्रावर. मी चाटूनपुसून खाल्लं.

घरी आले तर साहेब टीव्हीसमोर, धडधाकट. "आलीस? लई भूक लागलीय, वाढ लवकर."

स्वयंपाकघरातला एक रिकामा वाडगा आणून त्यांच्यासमोर आदळला आणि ही वही घेऊन इथं येऊन बसले.