दाराशी हिरव्या चपला

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

गोळी घेतली तरी जीव थाऱ्यावर नाही. इथं कुणी बघू नये म्हणून मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवायला मी थेट नांदेड गाठलं, आणि तिथं दवाखान्याच्या दाराशी त्या हिरव्या चपला. डावीच्या पट्ट्याला सेफ्टीपिन. आमच्याच जिन्यात रोज बघते मी त्या. समोरच्या शोभाताईंच्या.

परत फिरावं म्हटलं, तेवढ्यात त्याच बाहेर आल्या. "नणंदेकडं आले होते," म्हणाल्या. मी म्हटलं, लग्नाला आलेय. दवाखान्यात उभं राहून. काय अक्कल माझी.

छाती धडधडणं, हात गार पडणं, आता मरतेच असं वाटणं, हा चिंतेचा आजार आहे म्हणाले डॉक्टर. हृदय ठीक आहे. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मनानं बंद करू नका, आणि कुणाशी तरी बोलत जा. कुणाशी?

मघाशी शोभाताई विरजण मागायला आल्या. मी वाटी भरत होते, तर हळूच म्हणाल्या, "तुला बी गोळ्या दिल्या का गं? मला लई झोप येती त्यानं."

मी म्हटलं, "कसल्या गोळ्या?"

त्या गेल्या. विरजण ओट्यावरच राहिलं. ती पिन लावलेली चप्पल डोळ्यापुढून हलत नाही. माझ्यासारखीच त्यांनीही एवढ्या लांबची एसटी धरली होती.

वाटी घेऊन जाते. त्यांच्या मालकांनी दार उघडलं, तर नुसतं विरजण देईन. शोभाताईंनी उघडलं तर सांगेन, हाव, मला बी दिल्यात. आजच पहिली घेतली.