बाबांचं वाक्य, माझ्या तोंडून

पुणे, ३ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

१. काल दुपारी ओगावा सेन्सेई, म्हणजे विद्यापीठातले माझे जपानीचे शिक्षक, आपल्या महाडच्या घरी आले. विद्यार्थ्याला वर्षभरासाठी ओसाकाला पाठवण्याआधी घरच्यांना भेटायचं, ही त्यांची पद्धत.
२. त्यांना मराठी येत नाही, तुम्हाला जपानी. दुभाषी मी.
३. मुलीला पाठवायला हरकत नाही ना, असं त्यांनी विचारलं.
४. तुम्ही आवडीआत्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “मी तिचं लग्न ठरवलंय. ती जाणार नाही.”
५. मी ते जपानीत सांगितलं.
६. सेन्सेईंनी वाकून अभिनंदन केलं. मी ते मराठीत सांगितलं. आत्याने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून पाठवते आहे.

इंजिनिअरिंगनंतर जपानीला प्रवेश घेतला, तेव्हा आम्हाला दुभाष्याचा नियम शिकवला. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. म्हणून ‘मी तिचं लग्न ठरवलंय’ हे मीच बोलले. वाक्य पुरं झालं, आणि मग मला कळलं की ‘ती’ म्हणजे मी. पुण्याला परतताना घाट कधी संपला, तेही समजलं नाही.

लग्न कोणाशी ठरलं आहे?

माया आहे तशीच असू द्या.
वैदेही

महाड, ८ मार्च २०२५

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. एका बाईंनी परात मागितली होती, मी कढई बांधून दिली. अजून परत आलेल्या नाहीत, म्हणजे कढई बरी निघाली असावी.

बाळ, लग्न कोणाशीच ठरलेलं नाही. आत्या नाते गावच्या दीपेशचं स्थळ घेऊन आंबेनळी घाटाखालच्या तिच्या वाडीतून मुद्दाम आली होती. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, पोर तिकडं गेली की मागारी यायची नाय रे हरी. तुझी आई गेल्यावर तिनंच तुला सांभाळलं. तिच्या तोंडावर नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

मला वाटलं, तिला हवं ते मी मराठीत बोलतो, पाहुण्यांना हवं ते तू जपानीत सांगशील. दोघांचंही मन राहील. ते अभिनंदन करताहेत असं तू म्हणालीस, तेव्हा तूही आत्यासाठी रचून सांगते आहेस असंच मी धरून चाललो. मनात म्हटलं, माझीच लेक.

आता आत्याने वाडीभर साखर वाटली आहे. तिला सावकाश समजावू. तू सेन्सेईंना एवढंच सांग, की बाबांचं बोलणं सांगताना तुझी चूक झाली. शिकणाऱ्याची चूक कोणी मनावर घेत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. रागावली असलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा, बाबा

पुणे, १२ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि वर्गात गेले नाही. लग्न ठरलेलं नाही हे वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन्हीकडे वेगवेगळं बोलायची सोय व्हावी म्हणून मी ही भाषा शिकते, असं तुम्हाला वाटत होतं. हे मला अजून खरं वाटत नाही.

चूक झाली असं मी सांगणार नाही. ती झालेली नाही. आणि माझ्या सांगण्यावर भरवसा उरला नाही, तर मला कोणी दुभाषी म्हणून समोर बसवणार नाही.

सेन्सेई सोमवारी, २४ मार्चला, ओसाकाला नावं कळवणार आहेत. माझी जागा अजून कोणाला दिलेली नाही. तुमचं उत्तर मराठीत लिहा: लग्न ठरलं आहे की नाही, आणि मी जावं की नाही. पाठवण्याआधी ते आत्याला वाचून दाखवा. तिला अंधारात ठेवून मला जायचं नाही. जे लिहाल ते मी शब्दशः जपानीत सांगेन, ‘जाऊ नये’ लिहिलंत तरी. त्यानंतर मला काय हवं आहे ते वेगळं, माझ्या नावाने सांगेन.

रागावले आहे, पण तुमचीच आहे.

उत्तर शुक्रवार, २१ मार्चपर्यंत माझ्या हाती पडेल असं पाठवा.
वैदेही